हौदातले कासव

त्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या उघड्या हौदात एक रानचे कासव पडले. पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेणारे. कासवाला पोहता येते, मग चिंता कसली? पाणी स्वच्छ राहील म्हणून ते ठेवून घ्यायचे आम्ही ठरवले. रात्रभर मात्र गुळगुळीत भिंतीवर नखे घासत राहिली. श्वासासाठी वर येणाऱ्या त्या जिवाला विसाव्यापुरताही काठ नव्हता. घर सोडून आलेल्या आम्हां मुलांना झोप लागेना. रोज पंचशील म्हणणारे आम्ही त्याला कोंडून बसलो होतो. पहाटे गोणपाट गुंडाळलेली फळी हौदात तिरकी सोडली. वंदनेच्या घंटेआधी ते चढून ओढ्याकडे गेले. असे कासव पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे पुढे कळले. आज आमच्या अंगणांतील हौदांत पावसाळाभर एक फळी तिरकी सोडलेली असते.