नावाने आलेले बोलावणे

नाचणगाव हे प्रवासवर्णनात शोभून दिसणारे गाव नव्हे. येथे थंड हवा नाही, लेणी नाहीत, समुद्र तर शेकडो मैल दूर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो नि माणसे पंचमी-पोळ्याची वाट पाहत सावलीला बसून राहतात. वर्गात मी कधी गावाचे नाव घेतले, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, तिथं नाचतं कोण?" कोणी नाचत नाही. आमच्याकडे काळी जमीन, कापूस, तूर आणि एकमेकांच्या घरातली बित्तंबातमी एवढेच काय ते वैभव आहे. परंतु माझे गाव म्हणून मला ते प्रिय आहे; आणि या लेखापुरते सांगायचे तर, माणसाने गाव सोडावे की नाही, हा प्रश्न मला ज्या ओसरीवर खऱ्या अर्थाने भेटला ती ओसरी तेथे आहे.

नागपूरहून मुंबईच्या वाटेला लागले, वर्धा मागे टाकले, की थोड्या वेळाने पुलगाव येते. पुढे लगेच वर्धा नदीवरचा रेल्वेचा पूल. स्टेशनातून बाहेर आले, की ऑटोवाला न विचारता "नाचणगाव, नाचणगाव" म्हणून पुकारा करतो. जेमतेम दोन मैलांची वाट. जुने गाव आमचे. पुलगाव हे त्यामानाने कालचे पोर. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, स्टेशन पुलगावला झाले, मग कापसाचा बाजार तेथे भरू लागला, गिरणी तेथे निघाली, आणि नाचणगाव बाजूला राहिले. पुढे लष्कराचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आले, तेही पुलगावच्या नावाने. नशीब दोन मैलांवर येऊन थांबते, ते असे.

२०२२ सालच्या दिवाळीला आम्ही दोघे भाऊ बायकामुलांसह आईकडे जमलो होतो. मी नागपूरला एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. धाकटा पुण्याजवळ चाकणला वेल्डर. आय.टी.आय. झालेला, हाताला विलक्षण साफ. तो या खेपेस चकल्यांच्या डब्याआधी पिशवीतून एक कागद काढून बसला. कॅनडातल्या सस्कॅचवान नावाच्या प्रांताने त्याचे 'नॉमिनेशन' केले होते. तेथील शेतीची अवजारे करणाऱ्या एका कारखान्याला वेल्डर हवा होता, गावात मिळत नव्हता, म्हणून प्रांताने याचे नाव देशाच्या सरकारकडे कळविले होते. आता वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला वगैरे सोपस्कार झाले, की बायकोमुलीसह कायमचा वास.

आईला 'नॉमिनी' हा शब्द चांगला ठाऊक आहे. बँकेच्या पासबुकावर, विम्याच्या कागदावर तिने तो पाहिलेला. ती दचकून म्हणाली, "नॉमिनी? म्हंजे माणूस गेल्यावर ज्याले भेटते तो? मंग तिथं मेलं कोण?"

आम्ही सारे पोट धरून हसलो. मी माझ्या धंद्याला जागून सांगितले, की याला नामनिर्देशन म्हणावे. नाव घेऊन दाखविणे. आईने विचार केला नि म्हणाली, "म्हंजे त्या गावानं याले नावानं बोलावलं." यापेक्षा चांगला प्रतिशब्द मला अजून सुचलेला नाही.

बोलावण्याची ही रीत तशी फार जुनी नाही. कॅनडात येणारे परके लोक बहुधा टोरांटो, व्हॅन्कूव्हर, माँट्रियल अशा मोठ्या शहरांतच उतरत नि तेथेच राहत. मधल्या मैदानी प्रांतांत गहू भरपूर, कारखाने आहेत, खाणी आहेत, आणि माणसे नाहीत. तेव्हा त्या प्रांतांनी म्हटले, आम्हांला कोण हवे ते आमचे आम्हांलाच निवडू द्या. १९९८ साली मॅनिटोबाने आरंभ केला. आता क्युबेकची स्वतंत्र व्यवस्था नि उत्तरेकडील नुनावुत सोडल्यास सर्वत्र ही पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातही सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वगळून इतर भागांत जाऊन राहणाऱ्या कसबी माणसाला राज्याच्या शिफारशीचे वेगळे गुण मिळतात.

आणि गुण म्हणजे अक्षरशः गुण! सस्कॅचवानची परीक्षा त्या वेळी एकशेदहा गुणांची होती नि साठ मिळाले म्हणजे पास. शिक्षणाचे, अनुभवाचे, भाषेचे, वयाचे गुण वेगवेगळे. बोलावणारा मालक असला, की तीस गुण एकट्या त्याचे. वय बावीस ते चौतीस असेल तर बारा, पस्तिशी गाठली की दहा. आमच्या धाकट्याला नुकतेच पस्तिसावे लागल्याने दोन गुण गेले. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्या मला मोह आवरेना. रात्री सारे झोपल्यावर मी गुपचूप माझेही गुण मांडून पाहिले. एम.ए.चे तेवीस, म्हणजे भावापेक्षा जास्त! बेरीजही साठाच्या वर जाई. परंतु त्या सबंध प्रांतात मराठीच्या प्राध्यापकावाचून कोणाचे अडले आहे असे कोठेही लिहिलेले नव्हते. मी कागद फाडला नि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी मी भूगोलाचा तास घेतला. सस्कॅचवानचे क्षेत्रफळ सुमारे ६,५१,९०० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. आमच्या वर्धा जिल्ह्याएवढे शंभर जिल्हे त्यात मावतील. आणि वस्ती? २०२१ च्या शिरगणतीत ११ लाख ३२ हजार. एकट्या वर्धा जिल्ह्यातच २०११ साली १३ लाख माणसे होती. म्हणजे आपला अख्खा जिल्हा शंभरपट जागेत पसरावा आणि तरी दीड लाखाहून अधिक माणसे कमी पडावीत, असा हा मुलूख. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर जातो. धाकट्याची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "मग तिथं फटाके कुठं लावायचे?" भावजय काही बोलली नाही, ती अनारशांना खसखस लावीत होती. तिने तेवढ्या वेळात एकच अनारसा तीनदा लावला, हे मी पाहिले.

सोपस्कारांत जन्माचा दाखला हवा होता. पाडव्यानंतर कचेरी उघडली तेव्हा आम्ही दोघे ग्रामपंचायतीत गेलो. जुने रजिस्टर निघाले. १९८७ सालच्या पानावर वडिलांचे नाव, आईचे नाव, तारीख, सारे व्यवस्थित होते; मुलाच्या नावाची जागा मात्र कोरी. बारशाआधीच नोंद केलेली, आणि नंतर येऊन नाव सांगायला वडिलांना गिरणीच्या पाळीतून सवड झाली नाही. पस्तीस वर्षे धाकटा आपल्या गावच्या दप्तरात नुसता 'पुरुष' म्हणून होता! शाळेचा दाखला नि अर्ज जोडून नाव घालता येते, असे तेथल्या माणसाने सौजन्याने सांगितले. परंतु परतताना धाकटा हसत हसत जे बोलला ते माझ्या मनात रुतून बसले. "दादा, सातासमुद्रापलीकडल्या गावाला माझं नाव माहीत आहे, आणि इथं कोरी जागा."

मला काही उत्तर सुचले नाही. वास्तविक बोलावून नेणे आणि बोलावल्यावर जाणे हे आमच्या मुलखाला नवे नाही. गोंड राजा बख्त बुलंदने नागपूर वसविले तेव्हा दूरदूरच्या कसबी, मेहनती लोकांना त्याने आपल्या राज्यात आणून वसविले. १९२१ साली जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याला आले ते कायमचे वर्ध्याचेच झाले. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. आज त्या खेड्याला जग सेवाग्राम म्हणते. आमचे वडीलसुद्धा मूळचे अमरावतीकडले. पुलगावच्या गिरणीतल्या एका जॉबरने 'विणाई खात्यात हात हवा आहे, ये' असा निरोप धाडला म्हणून ते नदी ओलांडून आले. त्या वेळी गिरणी बोलावीत असे, भांडार बोलावीत असे. पुढे वडील निवृत्त झाले. काही वर्षांनी गिरणीही बंद पडली. आज नाचणगावात आय.टी.आय. झालेली मुले पुष्कळ आहेत. त्यांना पुणे बोलावते, चाकण बोलावते, आता सस्कॅचवान बोलावते. नाचणगाव मात्र कोणाला बोलावीत नाही. हे गावाचे वाईटपण नव्हे. त्याच्याजवळ द्यायला काम उरलेले नाही एवढेच.

खरी गोष्ट त्या रात्री निघाली. ओसरीवर आम्ही दोघे बोलत होतो, आई वाती वळीत बसली होती. धाकट्याने हळूच सांगितले, की सस्कॅचवानला तो फार दिवस राहणार नाही. शाळेतला एक मित्र टोरांटोजवळ आहे. तिकडे आपली माणसे, देऊळ, मंडळ, सारे आहे. शहरातल्या एका सल्लागाराने त्याला कानमंत्र दिला होता, "एकदा पाय टेकले, की कुठंही जा. कायदा अडवीत नाही." यात अर्धे सत्य होते. १९८२ सालच्या त्यांच्या हक्कांच्या सनदेने कायम रहिवाशाला कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याची नि पोट भरण्याची मुभा दिलेली आहे. पण अर्ज करताना याच प्रांतात राहण्याचा आमचा इरादा आहे, असेही लिहून द्यावे लागते; नि ते मुळात खोटेच लिहिले असे ठरले, तर प्रकरण अंगाशी येऊ शकते. मी हे कायद्याचे सांगू लागलो. आईने वाती खाली ठेवल्या.

"कायद्याचं राहू दे," ती म्हणाली. "तुया बापाले इथं येऊन तीन वर्सं झाली होती, तवा नागपूरच्या गिरणीतून जास्त पगाराचं बोलावणं आलं. मीच म्हटलं, चाला. त्यायनं काय म्हटलं ठाऊक हाय? ज्यानं बोलावलं त्याच्या दारात चप्पल काढली, की लगेच पायात घालाची नसते. त्यायले माणूस पाहिजे होता म्हणून तुले बोलावलं. तू टोरांटोले पयाला, तर त्यायची जागा कोरीच राहीन ना? अन् मागून आपल्याच गावचं एखादं पोट्टं अर्ज करन, त्याले ते काऊन बोलावतीन?"

कोरी जागा हा शब्द तिने सकाळच्या गोष्टीवरूनच उचलला होता की काय, कोण जाणे. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि तुझं काय, आई? तुझ्या दारातली चप्पल?"

आईने पुन्हा वाती घेतल्या. "मी तुले बोलावून आणलं नोतं रे. तू आपल्या मनानं आला होता. आपल्या मनानं येशीन."

२०२४ च्या फेब्रुवारीत तो गेला. विमानतळावर आई आली नाही. तिने नाचणगावच्या ओसरीवरूनच मुलीच्या हातावर दही दिले होते. पहिला हिवाळा कठीण गेला. भावजयीला वर्षभर काम मिळाले नाही, ती फोनवर रडे. मित्र टोरांटोहून बोलावीत होता. धाकटा अजून सस्कॅचवानमध्येच आहे. जन्मभर राहीलच असे मी म्हणत नाही; तसे वचन आईनेही मागितले नव्हते. परंतु गेल्या खेपेस त्याने सांगितले, की कारखान्याने आणखी वेल्डर हवे आहेत का, असे त्याला विचारले गेले, नि त्याने आपल्याकडच्या दोघांची नावे दिली. आता ते तितके सोपे राहिलेले नाही. कॅनडाने प्रांतांच्या बोलावण्यांतून येणाऱ्यांचा आकडा २०२४ साली १,१०,००० ठरविला होता, तो २०२५ साली एकदम ५५,००० वर आणला. दार कधी किलकिले होते, कधी बंद होते. जो या आशेवर घरदार विकायला निघाला असेल, त्याने हे आधी ध्यानात घ्यावे. आणि सल्लागाराने 'हमी' असे म्हटले, की पैशाचे पाकीट खिशात नीट सारावे.

तिकडची नि इकडची घड्याळे साडेअकरा तासांच्या अंतराने चालतात. आमचा सकाळचा चहा होतो तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. आईला हे भारी गमतीचे वाटते. "म्हंजे तो कालच्यातच राहते," असे ती शेजारणींना सांगते.

यंदा धाकट्याने आईसाठी कागद धाडला आहे. आईबापांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देणारा व्हिसा तिकडे आहे. त्यासाठी मुलाने रीतसर निमंत्रणाचे पत्र लिहावे लागते. मी ते आईला वाचून दाखविले. त्यात तिचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, मुक्काम नाचणगाव, जिल्हा वर्धा, सारे होते. तिने ते हातात घेऊन आपल्या नावावरून एकदा बोट फिरविले.

"नावानं बोलावलं हाय," ती म्हणाली. "जाव लागन."

मग कागद घडी करून तिने देवाच्या फळीवर ठेवला. त्याच फळीवर धाकट्याच्या जन्माच्या दाखल्याची एक प्रत आहे. तीवर आता नाव आहे. शेत मक्त्याने दिलेले असले, तरी पहिल्या वेचणीला सीतादहीचा दहीभात आईच नेते. तेव्हा अंगणात उतरता उतरता ती मागे वळून म्हणाली, "पण त्याले सांग, कापूस घरात आल्याबिगर मी काही हलत नाही."