‘शेजारी’ची हकीकत

मनीमाजरा, ता. ८ जुलै

चि. बाळ,

‘शेजारी’ चित्रपटात हिंदूचे काम मुसलमानाने व मुसलमानाचे हिंदूने केले, ही वार्ता खरी काय, असे तू पुसतोस. ती निम्मी खरी आहे. व्ही. शांताराम यांनी १९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीसाठी एकच कथा दोन भाषांत काढली. पैकी हिंदी ‘पडोसी’त मजहर खान ठाकूर झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. मराठीतही मिर्झा जागीरदारच. परंतु त्यांचे जिवलग जीवबा केशवराव दाते असल्यामुळे ती अदलाबदल मराठी बोलपटात झालीच नाही.

महायुद्ध पेटलेले, काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामे देऊन मोकळी झालेली आणि मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव संमत झालेला, अशा समयी विश्राम बेडेकरांनी ही कथा रचली: धरणासाठी गावच्या जमिनी हव्या असलेला एक धनिक दोन वृद्ध मित्रांत वितुष्ट पेरतो, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा ते दोघे हातात हात घालून प्राण सोडतात.

धरणाचा धागा पुणेकरांस अपरिचित नव्हता. टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील जमिनी सरकारने संपादू नयेत म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह मांडला व पुढे सेनापती बापट त्याचे धुरीण झाले. मात्र तो झगडा रयत एकीकडे व कंपनी-सरकार दुसरीकडे असा होता; त्यात धर्माचा तंटा नव्हता. तो चित्रपटाने वरून आणला, आणि माझ्या मते घोटाळा येथेच झाला, कारण कलहाचे सारे खापर बाहेरून आलेल्या एका पैसेवाल्याच्या माथी मारल्यावर गावकऱ्यांस कोणी जाब विचारण्याचे कारणच उरले नाही. (चित्रण मात्र अप्रतिम, हे कबूल.)

परवा शेजारच्या सरदारजींस ‘पडोसी’ दाखविला. नवव्या वर्षी, सत्तेचाळिसच्या फाळणीत, ते लायलपुराहून आईचा पदर धरून निघाले होते. धरण फुटले तेव्हा स्तब्ध बसले. मग चहाचा पेला खाली ठेवून एवढेच म्हणाले की, त्यांच्या दारी त्या रात्री जी माणसे आली, त्यांतल्या प्रत्येकाचे नाव त्यांच्या आईस ठाऊक होते.

पेला तसाच निवत राहिला. काकूने दुसरा करून आणला.

तुझा काका