आधी उजेड, मग बटणे

आमच्या आजीचा एकही फोटो घरात नाही. आईचे तसे होऊ नये म्हणून आम्ही दोघा भावांनी जुना कॅमेरा घेतला. ॲपर्चर, शटर, सगळे एकदम वाचले नि डोके गरगरले. दोन महिने कॅमेरा कपाटातच!

मग ठरवले, महिन्याला एकच गोष्ट. पहिला महिना उजेडाचा. बिंदू चौकात बाबासाहेब आणि जोतीराव फुले यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० पासून आहेत. दर रविवारी तिथे. पुतळा हलत नाही, शिकणाऱ्याला हे बरे. भर दुपारी डोळ्यांखाली काळोख साचतो. सकाळच्या तिरप्या उन्हात चेहरा उठून दिसतो. शटरचा वेग पुढच्या महिन्यात, रंकाळ्यावर.

परवा सकाळी आईला उंबऱ्यात, उजेडाकडे तोंड करून बसवले.

"थांबा की रं, पदर सारखा करू दे."

आम्ही थांबलो.