छापलेली शाई आणि जिवंत पेशी

रक्तातली साखर तपासायची पट्टी आता कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. अशा अनेक पट्ट्यांवरचे इलेक्ट्रोड कार्बन आणि चांदीच्या शाईने छापलेले असतात. ताणून बसवलेल्या जाळीवर शाई घ्यायची आणि रबरी पात्याने ओढायची. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटरही हेच करतो. एका तावावर ढीगभर पट्ट्या निघतात, म्हणून त्या परवडतात. ही स्वस्त छपाई ‘ऑर्गन-ऑन-अ-चिप’मध्ये नेता आली, तर लहान प्रयोगशाळांनाही हे तंत्र झेपेल.

या चिपमध्ये पारदर्शक सिलिकॉन रबराच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत माणसाच्या पेशी वाढवतात. हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड इंगबर आणि डॅन ह्यू यांनी २०१० साली मांडलेल्या फुफ्फुसाच्या चिपमध्ये सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या, तर दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी होत्या. बाजूच्या पोकळ्यांतली हवा ओढून घेतली की पडदा ताणला जाई आणि पेशींना श्वासाची लय मिळे. मात्र आत काय चाललंय हे कळायला सूक्ष्मदर्शक किंवा बाहेर काढलेला द्रव, एवढीच साधनं. औषध दिल्यावर पेशी नेमक्या कोणत्या तासाला खंगू लागल्या, हे सांगायला सेन्सर लागतो.

साखरेच्या पट्टीचं काम काही सेकंदांत संपतं. चिपमधल्या सेन्सरला मात्र ३७ अंशांच्या उबेत, प्रथिनांनी भरलेल्या वाहत्या द्रवात आठवडेच्या आठवडे टिकायचं असतं. प्रथिनं पृष्ठभागाला चिकटतात आणि संकेत मंदावतो. ज्याच्या आधाराने बाकी सगळं मोजायचं, त्या संदर्भ इलेक्ट्रोडवरचं सिल्व्हर क्लोराइड हळूहळू विरघळतं. मोजमापाचा शून्यच सरकतो, आणि सुटलेली चांदी पेशींना बाधते ती वेगळीच. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम साखर मोजताना ऑक्सिजन खातं, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. थेंबभर द्रवाच्या कप्प्यात असा सेन्सर पेशींना खेटून बसवला, तर ज्यांची तब्येत पाहायची त्यांनाच तो त्रास देतो.

म्हणूनच या कलेतला खरा प्रश्न आहे तो जागेचा: काय आत छापायचं आणि काय बाहेर ठेवायचं?

जेनिफर लुईस आणि किट पार्कर यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली हृदयाची चिप या दृष्टीने बघण्यासारखी आहे. सहा वेगवेगळ्या शाया वापरून ती थ्रीडी प्रिंटरवर छापली होती. हृदयपेशी आकुंचन पावल्या की त्यांच्याखालची लवचिक पट्टी वाकते, तिच्यातल्या कार्बनमिश्रित शाईचा रोध बदलतो आणि ठोक्याचा जोर कळतो. इथे एन्झाइम नाही, रासायनिक अभिक्रिया नाही. असा सेन्सर पेशींखाली खुशाल नांदू शकतो.

त्याच वर्षी श्राइक झांग, अली खादेमहुसेनी आणि सहकाऱ्यांनी यकृत-हृदयाच्या चिपसाठी वेगळी वाट धरली. त्यांचे इलेक्ट्रोड सोन्याचे होते, छापील नव्हते. पण अल्ब्युमिनसारखी प्रथिनं मोजणारे सेन्सर त्यांनी वेगळ्या कप्प्यात ठेवले, गरजेपुरता द्रव तिकडे वळवला आणि वापरलेला पृष्ठभाग धुऊन पुन्हा तयार केला. प्रस्तुत लेखकाला स्वस्त छपाईची खरी जागा इथेच दिसते. ताण किंवा विद्युतरोध मोजणारं, टिकाऊ असेल ते आत. अल्पायुषी एन्झाइमचे सेन्सर मात्र प्रवाहाच्या उतरणीला, पेशींना ओलांडून आलेल्या द्रवात, आणि तेही सहज बदलता येतील असे. थकलेल्या सेन्सरपायी आठवडाभर जपलेली ऊती फेकावी लागली, तर छपाईत वाचलेल्या पैशांना काय अर्थ?

अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून औषधचाचणीत अशा चिपच्या पुराव्याला वाट करून दिली. त्यामुळे मुंबईतल्या चिपचा आकडा बोस्टनमधल्या आकड्याशी जुळणं आता फार महत्त्वाचं आहे. छापील थराची जाडी तावागणिक थोडी बदलते. तेव्हा प्रत्येक खेपेतले काही सेन्सर आधी पेशींविना, त्याच पोषक द्रवात, त्याच तापमानाला चालवून बघायला हवेत, आणि हा वेळ व खर्च सेन्सरच्या किमतीत धरायला हवा.