सव्वातीन-एकोणीस

मोटारसायकलचा टायर हा काही निबंधाचा विषय नव्हे, असे माझ्या एका मैत्रिणीने मला स्पष्टच बजावले. चंद्र, पाऊस, आई, फार तर एस.टी.चा प्रवास; कला शाखेच्या मुलीने यांवरच लिहावे, अशी जणू रीतच पडून गेली आहे. परंतु यंदा दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या घरात टायरवर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या परीक्षेवरही झाली नाही. तेव्हा वाचकहो, सांभाळून घ्यावे.

आजोबांची बुलेट 1974 सालची, साडेतीनशे सी.सी.ची, त्या वेळच्या मद्रासजवळील तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून आलेली. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला असताना उसाच्या नोंदी घेत त्यांनी तिच्यावरून अर्धा कोल्हापूर जिल्हा पालथा घातला. आता ते 81 वर्षांचे आहेत. गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. नऊ वर्षे गाडी गोठ्याशेजारी पोत्यांखाली उभी होती. भाऊबीजेच्या दिवशी ते एकाएकी म्हणाले, "एकदा मागं बसून जोतिबाला जायचंय. गाडी हिनं चालवायची." दादाने चालवायची, असे ते म्हणाले नाहीत, ही गोष्ट दादाच्या जिव्हारी लागली आणि पुढचे निम्मे रामायण त्यातूनच घडले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एंजिनाचे काम उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी आठवड्यात उरकले. अडले ते टायरपाशी. दोन्ही टायरना बाजूने भेगा पडल्या होत्या, नखाने रबराचा तुकडा निघत होता. अशा चाकांवर आजोबांना घेऊन घाट चढायचा म्हणजे नवसापेक्षा साहसच जास्त! मी साबणाच्या पाण्याने टायरची कड घासली, तेव्हा पुसट अक्षरे वर आली: 3.25-19. आजोबा खाटेवरून म्हणाले, "सव्वातीन-एकोणीस. दोन्ही चाकांना तेच." सव्वातीन म्हणजे टायरची रुंदी आणि एकोणीस म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास, दोन्ही इंचांत. शाळेत शिकलेले पाऊणकी-सव्वाकीचे गणित असे कुठे उपयोगी पडेल, हे कुणी सांगावे?

दुकानात मात्र आमच्या मापाकडे कुणी लक्षच देईना. दुकानदार सगळे बोलणे दादाशीच करत होते. मी जणू पिशवी धरायला आले होते. त्यांनी चार-एकोणीसची जाडजूड जोडी पुढे केली. "हे बसवा. गाडी पैलवान दिसंल!" दादाचे डोळे चमकले. कोल्हापुरात पैलवान म्हटल्यावर दुसरे काय होणार?

मी त्या रात्री वहीत आकडेमोड केली. (मराठीच्या वहीत, सरांनी क्षमा करावी.) जुन्या पद्धतीच्या टायरची उंची ही साधारण त्याच्या रुंदीएवढीच असते. सव्वातीन इंच म्हणजे सुमारे 82 मिलिमीटर. एकोणीस इंचांच्या रिमवर तो चढला की चाकाचा पूर्ण व्यास सुमारे 648 मिलिमीटर होतो. चार इंची टायरने तोच 686 होतो. चाक जवळपास सहा टक्क्यांनी मोठे! एंजिनाला प्रत्येक फेऱ्यात तेवढे अधिक अंतर ओढावे लागणार, म्हणजे दोघांना घेऊन घाट चढताना ते लवकर दमणार. बुलेटच्या वेगाच्या काट्याची तार पुढच्या चाकापासून निघते. काटा 50 दाखवत असता गाडी 53 ने धावणार. शिवाय रुंदी प्रत्येक बाजूला साडेनऊ मिलिमीटरने वाढते. आमच्या गाडीत मागचा टायर आणि चेनकव्हर यांच्यामध्ये बोट कसेबसे जाते.

आणि रिमचे काय? आमच्या रिमवर डब्ल्यूएम 2 असा शिक्का आहे, म्हणजे टायरला बसायला तिची आतली रुंदी 1.85 इंच. एवढ्या अरुंद जागेत चार इंची टायर कोंबला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पाठ उंचवटते आणि रस्त्याला टेकणारा भाग हवा तसा टेकत नाही. दिसायला पैलवान, पण उभा चवड्यांवर!

दादा म्हणाला, "सगळी पोरं घालतात." मागे साडेतीन-एकोणीस घालणारे पुष्कळ आहेत आणि तो बसतोही, हे मीही मान्य केले. पण चार? शेवटी वाद आजोबांपुढे गेला. त्यांनी माझ्या आकड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते बैलगाडीच्या चाकावर बोलू लागले. लाकडी चाक तयार झाले की लोहार त्याचा घेर मोजायचा आणि लोखंडी धाव घेरापेक्षा किंचित लहान करायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद तापवायची. तापली की ती फुगते, चाकावर चढते. वरून पाणी ओतले की आवळते आणि आरे, पाट्या, तुंबा सगळे एकजीव होते. धाव मोठी झाली तर चालताना निसटते, फार लहान झाली तर आरे वाकतात. "धाव चाकाच्या मापाची असती, मालकाच्या हौसंची न्हवं," असे म्हणून त्यांनी पानाचा डबा उघडला. दादा उठून बाहेर गेला.

माप ठरले, तरी टायर कुठला घ्यायचा हे उरलेच. जुन्या मालाच्या एका दुकानात सव्वातीन-एकोणीसची एक जोडी कागदात गुंडाळलेली मिळाली, निम्म्या किमतीत, एकदाही न वापरलेली. पण टायरच्या कडेवर तो कधी तयार झाला याचा आकडा असतो. 2000 सालापासून तो चार अंकी आहे: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या जोडीवर तीनच अंक होते. म्हणजे ती माझ्याहून वयाने मोठी! रबर न वापरताही म्हातारे होते, कडक होते. जोडी परत कागदात गेली.

अखेर सांगलीहून नवी जोडी आणली. पुढच्याला लांबट सरळ रेघा, मागच्याला चौकटींची नक्षी. टायरच्या कडेवर 54 हा भाराचा अंक होता, त्याचा अर्थ एका टायरला 212 किलो. आजोबा, मी आणि आजीने दिलेला नारळ धरूनही काळजी नव्हती. आऱ्यांच्या चाकात हवा आऱ्यांच्या भोकांतून निसटते, म्हणून ट्यूबही नव्या घेतल्या. आजोबांनी खुर्ची अंगणात घेतली, चाक हाताने फिरवायला लावले आणि रिमलगतची रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर फिरते की नाही ते डोळे बारीक करून पाहिले. मग चेनकव्हराच्या फटीत स्वतःचे बोट घातले. गेले.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी आम्ही जोतिबाला जाऊन आलो. घाटात आजोबा एकदाच बोलले, "दुसऱ्यात घे." दादा एस.टी.ने आधीच पोहोचला होता. गुलालाने माखलेल्या अंगाने तो गाडीभोवती फिरला आणि मागून ती फार किरकोळ दिसते, असे म्हणाला. परतताना किल्ली मात्र त्याने मागितली. आजोबांनी दिली.