घडीवर विरलेली साडी

तुमच्याही कपाटात एखादी ऑर्गेन्झाची साडी असेल. नेसवत नाही आणि टाकवतही नाही अशी. माझ्या आईची मोतिया साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली आणि नेमकी घडीवरच विरली. आई म्हणाली, "आता काप. नुसती पडून राहण्यापेक्षा चार घरी जाऊ दे."

मग चांगल्या भागाचे बटवे शिवले. एक बडोद्याच्या मावशीला, एक भाचीला. तुम्हीही शिवून बघा. आरपार दिसणाऱ्या कापडात आतली शिलाई लपत नाही, म्हणून फ्रेंच सीम घाला. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून ५ मिलिमीटरवर टीप मारा. कड ३ मिलिमीटर ठेवून कापा. कापड उलटवा, सुलट्या बाजू समोरासमोर आणा आणि ६ मिलिमीटरवर दुसरी टीप मारा. सुटणारे धागे आतच बंद होतात.

मशीनला ९ किंवा ११ नंबरची बारीक सुई लावा. टाचण्यांची भोके दिसतात, त्या फक्त कडेला टोचा. कापड सरकत असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढा. इस्त्री मंद ठेवा, वर सुती कापड घाला.

उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या पुरचुंड्या शिवून त्यात वाळा भरा आणि कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. आणि हो, बाकीच्या साड्यांच्या घड्या दर तीन-चार महिन्यांनी बदलत चला.