चौकोनी गळा

कोपरे नेमके चारच निघाले, याचा राग अजून गेलेला नाही. पाच निघाले असते तर कुणालाही शंका आली असती. पण साडेतीनशे लाकडी तुकड्यांच्या ढिगातून मोजून चार काटकोनी कोपरे हाताला लागले, आणि बत्तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस त्यांच्यावर विसंबला.

तो माणूस म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण भूमिअभिलेख खात्यात अहवालात 'मी' लिहायची रीत नाही. 'भूकरमापक यांनी जागेवर जाऊन पाहणी केली' असंच लिहायचं. हाही एका पाहणीचाच अहवाल आहे आणि त्यात भूकरमापक सपशेल चुकलेले आहेत. तेव्हा इथंही तृतीयपुरुषच बरा.

पार्श्वभूमी नेहमीचीच. निवृत्ती, अमेरिकेतल्या मुलीचं बाळंतपण, सहा महिन्यांचा मुक्काम. मुलगी राहते व्हरमाँटमध्ये. डिसेंबर उजाडला की तिथं दाराबाहेर गुडघाभर बर्फ. बायकोला बाळ होतं, स्वयंपाकघर होतं, शिवायला आणलेली दुपटी होती. भूकरमापकांना खिडकी होती.

शेजारच्या आजीबाई बाळ बघायला आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. जावयानं ओळख करून देताना सांगितलं, की सासरे नकाशेवाले. बाईंचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवशी त्या बर्फ तुडवत पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आल्या. झाकणावर चित्र नव्हतं, फक्त नाव होतं, 'आत या' अशा अर्थाचं. झाकणाच्या आतल्या बाजूला आधी कोडं सोडवलेल्या लोकांची नावं आणि त्यांना लागलेले दिवस पेन्सिलीनं लिहिलेले. चित्र कुठंय, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "लावल्यावर दिसेल."

भूकरमापकांनी तोवर जिगसॉ पाहिला होता तो नातेवाइकांच्या मुलांचा, पुठ्ठ्याचा. तो यंत्रात होतो: पोलादी पात्यांचा साचा छापील पुठ्ठ्यावर एकदा दाबला की सगळे तुकडे एका दमात पडतात, आणि हजार खोक्यांत तेच आकार. हे प्रकरण वेगळं होतं. प्लायवूडवर चित्र चिकटवून केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीवर कुणीतरी एकेक तुकडा हातानं कापलेला. त्यात पातं जागच्या जागी वरखाली होतं, फिरतं ते लाकूड, कारागिराच्या बोटांनी. त्यामुळे दुसरा तसा तुकडा जगात नसतो. एकाचा आकार कोंबडीचा, एकाचा बादलीचा, एक चक्क पळत सुटलेला माणूस. हातात घेतले की वजन लागे. दोन जुळले की बारीकसा 'खट्' आवाज येई आणि मधली रेघ बोटाला लागत नसे. तो 'खट्' ऐकायला मिळावा म्हणून भूकरमापक पहाटे चारला उठू लागले. बाळ रडतंय म्हणून जाग आली, असं घरात सांगत.

या खेळाचा जन्मच नकाशातून झाला, हे त्यांना बाईंनी सांगितलं तेव्हा तर त्यांची कॉलर ताठ झाली. जॉन स्पिल्सबरी हा लंडनचा नकाशे कोरणारा कारागीर. १७६०च्या दशकात त्यानं नकाशे लाकडी फळ्यांवर चिकटवले आणि देशांच्या सरहद्दींवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. म्हणजे पहिला जिगसॉ हा पोटहिश्श्याचा नकाशाच. बिचारा १७६९ मध्ये, तिशीच्या आसपासच वारला. त्याचे तुकडे हद्दीवरून कापलेले होते. हद्द खरी होती, हे इथं नोंदवून ठेवू.

मोजणीचा पहिला नियम: आधी हद्द कायम करा, मग आतलं बघा. खरेदीखतातही पूर्वेस अमुकचं शेत, पश्चिमेस ओढा, अशी चतुःसीमा आधी येते. भूकरमापकांनी सरळ कडेचे तुकडे वेगळे काढले. तीसेक भरले. चार कोपरे सापडले. दोन दिवसांत त्यांच्या चार पट्ट्या झाल्या, खटाखट. तीन पट्ट्या लाल, एक पांढरी. कारागिरानं आणखी एक खोडी केली होती: चित्रात जिथं रंग बदलतो नेमकी त्याच रेषेवरून करवत फिरवलेली. त्यामुळे लाल तुकड्यावर फक्त लाल, पांढऱ्यावर फक्त पांढरा, शेजारी कोण असेल याचा सुगावाच नाही. तरी भूकरमापकांनी निष्कर्ष काढला: खाली बर्फ, वर आणि दोन्ही बाजूंना लाल आभाळ. सूर्यास्त. जेवताना त्यांनी तसं जाहीरही केलं.

आता पुढचे पाच दिवस. घरातले म्हणतात की ही गोष्ट सांगताना ते इथंच अडकतात. अडकणारच.

प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला कोपरा होता. चौकटीत त्या कोपऱ्याला शेजारची पट्टी जोडायला हवी. जोडेना. दुसरं टोक धरून पाहिलं, जोडेना. पट्ट्यांची अदलाबदल केली. चार पट्ट्यांचे जितके क्रम होतात ते वहीत लिहून एकेक तपासले. तुकडा हरवलाय म्हणून सोफ्याखाली विजेरी मारली. बाळाच्या दुपट्याच्या घड्या उलगडल्या. जावयाच्या कुत्र्याकडे दोन दिवस संशयानं पाहिलं. आतली बाजू भरत न्यावी म्हटलं, तर चौकटीत तीनशेवर तुकडे मावायला जागाच नाही. क्षेत्रफळाचा हिशेब निम्म्यालाही पुरेना. मोजणीत क्षेत्र असं जुळेना झालं तर शहाणा माणूस हद्दीवर संशय घेतो. भूकरमापकांनी तुकड्यांवर घेतला. त्यांनी बाईंकडे जाऊन विचारलं, की यात दोन खोक्यांची सरमिसळ तर झालेली नाही ना? बाई हसल्या, कॉफी केली, आणि काहीही सांगितलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. तो पेला अजून आठवतो.

सहाव्या दिवशी दुपारी बायको बाळाला खांद्यावर घेऊन टेबलाजवळून चालली होती. थांबली. म्हणाली, "अहो, हा चौकोनी गळा आहे ना?"

"कसला गळा?"

"ब्लाउजचा. कड आतल्या अंगाला असते, कापड बाहेर." आणि ती बाळाची ढेकर काढत पुढे गेली.

भूकरमापकांनी चारही पट्ट्या फिरवल्या. सरळ कडा आत, घुंड्या आणि खाचा बाहेर. खट्, खट्, खट्, खट्. एका पट्टीचा कोपरा शेजारच्या पट्टीच्या सरळ अंगाला जाऊन टेकला, घुंडी नाही, खाच नाही, नुसता सांधा. म्हणूनच तो कोपरा वाटत होता. टेबलावर एक रिकामा आयत तयार झाला आणि उरलेले तीनशे तुकडे त्याच्या बाहेरचे निघाले. सूर्यास्त वगैरे काही नव्हतं. ते लाल रंगाचं मोठं कोठार होतं, तिकडे शेताशेतावर दिसतं तसं, आणि मधली पोकळी म्हणजे त्याचं सताड उघडं दार. चित्राची खरी बाहेरची कड नागमोडी कापलेली. ते तुकडे भूकरमापकांनी पहिल्याच दिवशी 'आतले' म्हणून बाजूला टाकले होते. आणि खोक्यावर काय लिहिलं होतं? आत या.

ही लबाडी त्या एका कारागिराची नाही, धंद्यातली जुनी विद्या आहे, हे पुढे कळलं. १९३०च्या दशकात महामंदीच्या काळात अमेरिकेत जिगसॉचं वेड शिगेला पोहोचलं. पुठ्ठ्याची स्वस्त कोडी १९३३ मध्ये आठवड्याला एक कोटीपर्यंत खपत होती असं सांगतात. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिकेस या दोघांनी 'पार पझल्स' नावानं श्रीमंतांसाठी हाताने कापलेली लाकडी कोडी काढली: खोक्यावर चित्र नाही, कडा वेड्यावाकड्या, नाव चकवणारं. व्हरमाँटमध्येच नॉर्विच गावी १९७४ साली सुरू झालेल्या 'स्टेव्ह पझल्स'नं तो वसा पुढे नेला. तिथले स्टीव्ह रिचर्डसन स्वतःला 'मुख्य छळकर्ते' म्हणवून घेत. १९८९ च्या एक एप्रिलला त्यांनी फक्त पाच तुकड्यांचं एक कोडं काढलं. ते कुणालाच सुटेना, कारण ते सुटण्यासारखं नव्हतंच. लोकांचे पैसे परत करावे लागले. त्यांच्या कोड्यांच्या किमती शेकडो डॉलरपासून काही हजारांपर्यंत जातात. मुलीनं हे रुपयांत करून सांगितल्यावर भूकरमापक टेबलाजवळ चहा नेईनासे झाले.

पैसे देऊन फसवून घ्यायचं, ही गोष्ट त्यांच्या बुद्धीला पटत नव्हती. गावाकडे कुणी हद्दीचा दगड सरकवला तर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. इथं दगड सरकवणाऱ्याला बिल चुकतं करून वर धन्यवाद म्हणतात. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाच्या १९७८ सालच्या एका कादंबरीत जिगसॉ कापणारा कारागीर आपल्या श्रीमंत गिऱ्हाइकावर तुकड्यांतूनच सूड उगवतो. शेवटी गिऱ्हाईक मरतं तेव्हा पटावर एकच जागा रिकामी असते, एक्स आकाराची, आणि त्याच्या हातातला तुकडा असतो डब्ल्यूचा. जावयानं ही गोष्ट करमणूक म्हणून सांगितली. भूकरमापकांना ती तक्रार-अर्जासारखी वाटली.

तरीही खरं सांगायचं तर दार सापडल्यानंतरचे अकरा दिवस त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोडतात. आता त्यांना प्रत्येक तुकड्यामागचा माणूस दिसू लागला. इथं त्यानं रंग लपवला असेल, इथं मुद्दाम सरळ कापलं असेल, इथं त्याचा हात जरासा चुकला आणि त्यानं त्या चुकीचीच कोंबडी केली असेल. संगणकात रेघ आखून लेझरनं कापलेली लाकडी कोडी हल्ली मिळतात. स्वस्त असतात, सुबक असतात, ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावीत. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. कारागिरानं खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. कोपऱ्याला कोपरा म्हणाले ते भूकरमापकच. हे त्यांना मान्य आहे. राग गेलेला नाही हेही तितकंच खरं.

कुणी विचारलंच तर त्यांचा सल्ला तयार असतो. खोक्यावर चित्र असलं तर झाकून ठेवा. तुकड्यांचे फोटो काढून मोबाइलला विचारू नका. दिवा डोक्यावर नको, डाव्या हाताला हवा. आणि घरात शिवणकाम येणारं कुणी असेल तर पहिल्याच दिवशी बोलावून घ्या.

झाकणात नाव लिहायची वेळ आली तेव्हा आजीबाईंनी पेन्सिल भूकरमापकांच्या हातून घेऊन बायकोकडे दिली. तिनं देवनागरीत आधी आपलं नाव लिहिलं, खाली त्यांचं, पुढे 'दिवस १९'. त्यातली तिची दोनच मिनिटं होती, पण हिशेब कुणी विचारला नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागल्यावर बाईंनी दुसरा खोका पाठवला. भूकरमापकांनी सगळे सरळ कडेचे तुकडे आधी उलटे, आतल्या अंगाला लावून पाहिले. मग नावाचा कीस काढला. लाल-पांढऱ्याचा संशय घेतला. पण हे कोडं साधं निघालं: चार कोपरे चार कोपऱ्यांत बसले, चौकट चौकटीच्या जागी, आत नदीवरचा पूल. तीन दिवसांत संपलं.

"कसं होतं हो हे?" बायकोनं बॅगा भरताना विचारलं.

"सरळ होतं," ते नाराजीनं म्हणाले, आणि खोका परत द्यायला निघाले.